बाप्पाच्या नावाचं नेट

"कुणाला सांगितलंस तेवढं सांग. भांडायला नाय आले मी."

दुर्गा दारातच उभी होती. आत ये म्हटलं तर येईना, बस म्हटलं तर बसेना. पदर तिने दोन्ही हातांनी छातीशी गच्च धरला होता. मंदाने मशीनचं पायडल थांबवलं, तोंडातली टाचणी काढून उशीला खोचली आणि विचारलं, "काय सांगितलं? कशाचं?"

"माझं."

मंदाने उठून दुर्गाला हाताला धरून आत ओढलं आणि दार लोटलं. सकाळच्या वेळी गौरीनंदन सोसायटीत कोणी दार लोटत नाही. लोटलं की समोरची लगेच विचारायला येते, काय गं, बरं नाही का म्हणून. पण आज इलाज नव्हता.

"काल गणपतीच्या हळदीकुंकवाला अंबिका माझ्या बाजूला येऊन बसली," दुर्गा म्हणाली. "कुंकू लावलं, पाठीवर हात ठेवला, आणि हळूच विचारते, 'आता दुखत नाय ना गं? डावी बाजू होती ना?' मंदाताई, माझ्या हातातलं ताट पडायचं बाकी होतं."

"अगं आई गं! मग?"

"मग काय? म्हटलं, कसली डावी बाजू? मला काय धाड भरलीय? आणि हसले. सगळ्यांबरोबर बसून फुगड्यांची गाणी म्हटली. घरी आले नि न्हाणीघरात नळ सोडून रडले." तिने डोळे पुसले नाहीत, तसेच मंदावर रोखले. "डॉक्टर सोडले तर तिघांनाच माहीत हाय. मला, ह्यांना आणि तुला. ह्यांनी तर स्वतःच्या आईला पण सांगितलं नाय."

मंदा ब्लाऊज शिवायची. सिल्व्हर पार्क भागातल्या या इमारतीत तळमजल्यावर तिची खोली, खिडकीला लागून मशीन, आणि बायकांची सदा ये-जा. आता ब्लाऊज शिवणारीला काय कळत नाही हो? टेपचं टोक खांद्याला टेकलं की बाईचं तोंड आपोआप उघडतं. कुणाला दिवस गेलेत हे नवऱ्याआधी मंदाला कळायचं. कुणाच्या दंडावर कसला वळ आहे हे तिला दिसायचं, आणि ती बाही बोटभर लांब ठेवायची, विचारायची नाही. मंदाकडे गेलेली गोष्ट विहिरीत पडली म्हणून समजा, असं बायका म्हणायच्या. नवरा गेला, एकुलती एक नेहा नर्स होऊन मस्कतला गेली, पण या एका गोष्टीचा मंदाला मनातून केवढा अभिमान! सोन्याचा दागिना मिरवावा तसा ती तो न बोलता मिरवायची.

दुर्गाचं असं झालं होतं की, गेल्या शिमग्याला ती गावी गेलीच नव्हती. सगळी बिल्डिंग समजली, गुहागरला पालखी नाचवायला गेली. ती होती परळला, हॉस्पिटलात. डावी बाजू काढली. परत आली ती मंदाकडेच. दार लावून घेतलं, पदर बाजूला केला, आणि म्हणाली, "आता हिच्यावर ब्लाऊज बसव बघू." मंदाने त्या दिवशी माप घेताना ओठ घट्ट मिटून घेतले होते, कारण उघडले असते तर हुंदका आला असता. लपवायचं कारणही तसंच होतं. दुर्गाच्या लेकीला, दिव्याला, स्थळ सांगून आलं होतं, मुलगा चांगला, बोलणी मंडळाचे अध्यक्ष लीलाधरभाऊ करत होते, मुलाकडचे त्यांच्याच वाडीतले. आईला असं झालं म्हणजे मुलीलाही होणार, असं लोक बोलतात. बोलतातच.

"गणपती बसलाय खाली," मंदा म्हणाली, "त्याची शपथ घेऊन सांगते दुर्गा, मी कोणाला..."

आणि तिची जीभ अडली. नेहा!

दुर्गाने ते बघितलं. ती दार उघडून निघून गेली, आणि मंदा तशीच उभी राहिली.

नेहा म्हणजे काय 'कोणी' होती? पोटची पोर! आणि सांगायचं कारणही दुर्गाचंच होतं. पहिल्या ब्लाऊजला मंदाने आतून कापूस भरला होता. दिसायला बरोबर, पण कापूस हलका. दुर्गा चालायला लागली की डावीकडून ब्लाऊज वर सरकायचा आणि खांदा उचललेला दिसायचा. मंदाने उसवलं, पुन्हा भरलं, पुन्हा उसवलं. शेवटी एका दुपारी नेहा ठेवून गेलेला लॅपटॉप उघडला आणि एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी, टुकटुक करत विचारलं. दुर्गाच्या डाव्या बाजूला काय भरू गं? नेहाने सगळं नीट सांगितलं. कापसाच्या आत मोहरीची पुरचुंडी घाल आई, वजन सारखं येईल, खांदा पडणार नाही. तसं केलं आणि ब्लाऊज असा बसला की दुर्गा आरशासमोरून हलेना.

आता हे नेट कुठलं, तर मंडळाचं. आदल्या वर्षीच्या गणपतीत गौरीनंदन मित्र मंडळाने टूम काढली होती. खाली मंडळाच्या खोलीत डबा बसवायचा, वायर नको काही नको, अख्ख्या बिल्डिंगला घरात बसून नेट. सेक्रेटरी उत्तमने बसवला, त्याचं स्टेशन रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम. त्याने विचारलंही होतं, पासवर्ड घालू का म्हणून. तर लीलाधरभाऊ खुर्चीवरून उठून म्हणाले, "अरे, बाप्पाच्या नावाचं नेट हे! प्रसादाला काय कुलूप घालतात?" काय टाळ्या पडल्या! मंदानेही दोन्ही हात वर करून वाजवल्या होत्या. मस्कतचा फोन म्हणजे केवढा खर्च, आणि इथे लेक रोज फुकटात भेटणार होती.

तिने नेहाला मिस्ड कॉल दिला. नेहाचा उलट फोन आला, तो मंदाने पहिल्या रिंगलाच घेतला.

"नेहा, दुर्गाचं कुणाला बोललीस?"

"मी? आई, मी इथे कुणाला बोलणार? माझ्या खोलीतल्या दोघी केरळच्या आहेत. त्यांना दुर्गामावशी काय माहीत?" नेहा वैतागली, आणि मग एकदम तिचा सूर बदलला. "आई, तू मंडळाच्याच नेटवरून लिहितेस ना? त्याला पासवर्ड आहे?"

"छे! सगळ्यांसाठी आहे ते."

"अगं मग संपलंच! उघडं नेट आहे ते. तू टाइप केलेलं तसंच्या तसं हवेतून जातं. कोणीही लॅपटॉप घेऊन, एक प्रोग्राम टाकून बसला की सगळं वाचता येतं. आमच्या होस्टेलमध्ये तर नोटीसच लावलीय, उघड्या नेटवर घरचं, बँकेचं काही लिहू नका म्हणून."

"पण मी दार लावून लिहिते गं!"

"दाराचा काय संबंध, आई?"

नेहा पुढे बरंच सांगत होती. त्या डब्याला पासवर्ड घालायला लाव. घातला तरी डबा ज्याच्या हातात, त्याला दिसू शकतं, म्हणून घरात आपली वेगळी लाइन घे. वर पत्ता लिहितो त्या पट्टीत कुलपाचं चित्र दिसलं नाही तर तिथे खाजगी अक्षर लिहू नकोस. मंदा हो हो म्हणत होती, पण तिच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. काय काय लिहिलं मी? वर्षभर काय काय लिहिलं? रात्री झोप येत नाही ते लिहिलं. सासूबाईंचं लिहिलं. नेहाच्या मागे लागलेल्या त्या डॉक्टरबद्दल, आई म्हणून जे विचारायचं ते सगळं विचारलं. देवा रे देवा! तिच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या.

दुपारी ती मंडळाच्या खोलीत गेली. उत्तम एकटाच होता, पंख्याखाली बसून आरतीच्या माईकची वायर जोडत होता. चांगला मुलगा, चाळिशीला आला तरी मंदा त्याला मुलगाच म्हणायची. नवरा गेला तेव्हा तिरडीला खांदा देणारा.

"या काकी. चहा सांगू?"

"नको. उत्तम, मी नेहाला लिहिते ते तुला दिसतं?" विचारताना तिला मनातून वाटत होतं, हा आता हसेल, म्हणेल काय काकी, कायपण बोलता.

"दिसतं की!" उत्तम म्हणाला. नळाला पाणी येतं का विचारल्यावर सांगावं तसं. "गेल्या मे महिन्यात नेट स्लो झालं होतं ना, तेव्हा कोण पिक्चर उतरवतोय ते बघायला एक सॉफ्टवेअर टाकलं. मग सगळ्यांचंच दिसायला लागलं. मुद्दाम नाय हो काकी."

"आणि तू वाचत बसलास?"

"पहिले टाइमपास म्हणून. मग काय, सवयच लागली. सिरीयलपेक्षा भारी असतं हो." त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पडद्यावर बारीक बारीक ओळी, आणि त्यांत मंदाला स्वतःचं वाक्य दिसलं. चुका होत्या तशाच चुकांसकट. दुर्गाच्या डाव्या बाजूला काय भरू गं. भर रस्त्यात लुगडं फिटावं तसं तिला झालं.

"आमच्या हिला, अंबिकाला, मीच सांगितलं," उत्तम म्हणत होता. "तिला लय वाईट वाटलं. तुमचं तर ती नेहमी विचारते, काकीने आज काय लिहिलं म्हणून. काका गेल्यावर तुम्ही नेहाला लिहिलं होतंत ना, कपाट उघडलं की ह्यांच्या शर्टांचा वास येतो, ते वाचून रडली ती. खरंच. लय छान लिहिता तुम्ही."

मंदाला शिवी तरी सुचावी! तीही सुचेना. चोराला चोर म्हणता येतं, पण हा तर कौतुक करत होता.

"आता हे बघा, लीलाधरभाऊंचं..."

"बंद कर!" ती किंचाळलीच. "मला कोणाचं दाखवू नकोस. बंद कर ते, मेल्या!"

उत्तम दचकला. आपलं काय चुकलं ते त्याला खरोखरच कळलं नाही, असं त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

तिथून ती तडक दुर्गाकडे गेली आणि सगळं सांगितलं. दुर्गा ऐकून घेत होती. भाकरीचं पीठ हाताला तसंच होतं.

"हवेतून वाचलं?" ती म्हणाली.

"हो गं. मी बघून आले डोळ्यांनी."

"हवेतून वाचलं का पाण्यातून वाचलं, ते मला काय कळत नाय, मंदाताई. तू नेहाला सांगितलंस ना? मी तुला काय म्हटलं होतं? तुझ्या मशीनला पण कळू देऊ नकोस म्हटलं होतं."

तुझ्यासाठीच विचारलं, असं म्हणायला मंदा गेली, पण ते वाक्य तिला स्वतःलाच लंगडं वाटलं. ती खाली मान घालून घरी आली. त्या दिवशी ती मशीनवर परत बसलीच नाही.

विसर्जन झालं आणि रविवारी संध्याकाळी मंडळाची सभा भरली. बायका पुढे सतरंजीवर, पुरुष खुर्च्यांवर. नवरात्राचं ठरलं, मूर्तिकाराचं ठरलं, आणि सगळे उठायच्या बेतात असताना अंबिका उभी राहिली. चांगल्या मनाची बाई, अगदी डोळ्यांत पाणी आणून बोलायला लागली.

"माझं एक म्हणणं हाय. आपल्या बिल्डिंगमध्ये एका ताईला मोठं आजारपण आलंय. ती लाजते, सांगत नाय. पण आपण कशासाठी आहोत? दुर्गाताईच्या औषधपाण्यासाठी मंडळाने वर्गणी काढावी."

दुर्गा पांढरीफटक पडली. मागे उभी असलेली दिव्या आईकडे बघायला लागली. लीलाधरभाऊंच्या हातातला पेन थांबला.

"कसलं आजारपण?" त्यांनी विचारलं. "दुर्गा, काय ऐकतोय मी? मला उद्या वाडीत फोन करायचाय. त्यांना काय सांगू?"

"मला काय नाय झालेलं," दुर्गा म्हणाली. आवाज फाटला होता. "हिला कोणीतरी कायतरी सांगितलंय."

"कोणीतरी कशाला? मंदाकाकीनेच लिहिलंय," अंबिका म्हणाली. "लपवायचं कशाला गं? माणसांतच आहेस ना?"

सगळ्यांच्या माना मंदाकडे वळल्या.

मंदाने हे सगळं घोकून ठेवलं होतं. सभेत उभं राहायचं, उत्तमचा लॅपटॉप सगळ्यांसमोर उघडायला लावायचा, आणि म्हणायचं, बघा, मी तोंड उघडलेलं नाही, यांनी माझ्या घरात शिरून चोरलंय. ती उभीही राहिली. पण लॅपटॉप उघडला की त्यातून काय बाहेर येणार होतं? दुर्गाची डावी बाजू. स्वतःला खरं ठरवायचं, तर दुर्गाचं झाकलेलं सगळ्यांसमोर उघडं करायला लागणार होतं. मंदा क्षणभर दुर्गाकडे बघत राहिली. दुर्गा सतरंजीचे धागे उपटत होती.

"खोटं लिहिलं मी," मंदा म्हणाली.

"काय?"

"खोटं. दुर्गाला कायपण झालेलं नाही. ती शिमग्याला गावीच होती." तिचा आवाज स्थिर होता. "नेहा कामात असते. कशी आहेस, बरी आहे, एवढंच लिहायची आणि जायची. पण दुखण्याचं काही विचारलं की बसून उत्तर द्यायची, नर्स ना ती. म्हणून मी बनवून लिहायला लागले. नाव कुणाचं तरी टाकायचं, तर दुर्गाचं टाकलं."

बायकांमधून एक आवाज उठला, धड शब्द नाही असा. मंदाताई? मंदाताईने? जिच्याकडे आपण सगळं बोललो, तिने?

"अगं पण," लीलाधरभाऊ उठून उभे राहिले, "दुसऱ्याच्या बाईवर असलं आजारपण रचायचं? तिच्या मुलीचं लग्न ठरतंय, माहीत होतं ना तुला? मंदा, मी तुला बहीण मानत होतो."

"चुकले मी, भाऊ. पण एक विचारते." ती अंबिकाकडे वळली. "मी ते माझ्या लेकीला लिहिलं होतं, माझ्या घरात बसून. तू कुठे वाचलंस?"

अंबिकाने नवऱ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

उत्तमला सांगावंच लागलं. सांगताना तो मध्येच हसला, पण बरोबर कोणी हसलं नाही. नेट उघडं आहे, जो जे लिहितो ते दिसतं, सगळ्यांचं दिसतं. "सगळ्यांचं म्हणजे?" एकाने विचारलं. "आमचं पण?" दुसरा म्हणाला. खुर्चीखुर्चीवर माणसं आपापलं आठवत बसली होती. बायकोकडे बघायला कोणी तयार नव्हता. लीलाधरभाऊ हळूच खाली बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. काय लिहिलं होतं त्यांनी आणि कोणाला, देव जाणे. पण या वयात माणूस एवढा घाबरलेला मंदाने पहिल्यांदाच बघितला. सभेतून कोणी घरी जायच्या आधी डब्याला पासवर्ड बसला, आणि तो उत्तमला ठेवू दिला नाही. त्याच्या लॅपटॉपमधलं सगळं सगळ्यांदेखत पुसून घेतलं.

वाडीला फोन गेला. दिव्याचं ठरलं.

जिन्यात दुर्गाने मंदाला गाठलं. "काय केलंस गं हे, मंदाताई?" एवढंच म्हणाली आणि तिचे दोन्ही हात धरले.

मंदाने हात सोडवून घेतले. "माझ्याशी बोलू नकोस. मी एवढं वाईट लिहिलं आणि तू बोलतेस म्हटल्यावर लोक काय समजतील? कोणी विषय काढला तर मला शिव्या घाल. खुशाल घाल. कापड तुझ्या नवऱ्याबरोबर पाठव, त्याच्या टेम्पोत टाकून. माप माझ्या डोक्यात आहे."

दुर्गाने डोळे मिटले आणि मान हलवली.

नवरात्र आलं. दर वर्षी या दिवसांत मंदाला जेवायला फुरसत नसायची, आता मशीनवर ऊन पडलेलं ती बघत बसायची. बायका जिन्यात तिला बघून बोलणं थांबवायच्या. समोरची, जी सकाळी येऊन चहा घेऊन जायची, ती आता दार लोटून घेत होती. कोणाला दोष द्यायचा? आपल्या अंगावरची खूण हिने बघितलीय, आणि ही बनवूनही सांगते, या भीतीने कोणती बाई पदर काढेल? मंदाला ते कळत होतं. कळूनही रोज दुपारी तिला रडू यायचं. नेहाशी ती आता फोनवर थोडंच बोलायची, आणि सभेतलं काहीच सांगितलं नाही तिने.

दिव्याचा साखरपुडा गच्चीवर होता. तळमजल्यावर कोणी बोलवायला आलं नाही. सकाळपासून खिडकीसमोर मांडववाल्याची माणसं ये-जा करत होती. चारच्या सुमाराला मुलाकडची गाडी आली, आणि त्यांना घ्यायला दुर्गा खाली उतरली. अंजिरी साडी, त्यावर नवा ब्लाऊज. शेजारी अंबिका गुलाबदाणी घेऊन.

"काय गं, ब्लाऊज भारी बसलाय!" अंबिका म्हणाली. "कोणाकडे टाकलास?"

"शांती नगरला एक मास्टर हाय."

"बरं केलंस. मंदाकाकीकडे नाय टाकलास ते."

दुर्गाला खिडकी दिसत होती. गजांमागे मंदा बसलीय, हेही दिसत होतं.

"तिच्याकडे कोण टाकतंय आता," दुर्गा मोठ्याने म्हणाली, आणि पाहुण्यांना सामोरी गेली.

मंदाने तिला पाठमोरी, गेटपर्यंत जाईस्तोवर, निरखून बघितलं. दोन्ही खांदे एका रेषेत होते.